गिरणीतला काटा

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या भाताच्या गिरणीतला काटा भंगारवाल्याच्या टेंपोत चढला. मी पहिली पाळी करून येत होतो. कुंभिवलीच्या कारखान्यातून सुटायचं, शिळफाट्याला थांबून भाजी घ्यायची आणि गाडी घराकडे वळवायची, हा माझा गेल्या अठरा वर्षांचा शिरस्ता. गिरणीच्या दारात तीन माणसं वाकून काहीतरी ओढताना दिसली म्हणून थांबलो. जमिनीलगतचा लोखंडी पाट, मागचा उभा खांब, वरची आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं पितळी वजन. तिघांना उचलेना, तेव्हा मीही हात लावला. टेंपो गेला आणि हातांना गंज राहिला. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी वास जाईना.

"कशाला हात लावलात?" बायको म्हणाली.

"जुनी ओळख होती," मी म्हटलं.

तिला कळलं. ती हसली नाही, नुसता टॉवेल पुढे केला. मुलगी तेव्हा घरात नव्हती. ती आता कर्जतला कॉलेजात जाते, संध्याकाळी उशिरा येते. तिला काटा गेल्याचं मी सांगितलेलं नाही अजून. सांगायचं कसं, हेच ठरत नाही.

आमच्या भागात कबड्डी खेळायची म्हणजे आधी उपाशी राहायला शिकावं लागतं. गावोगावच्या स्पर्धा वजनी गटांच्या असतात. अमुक किलोच्या आतली पोरं या गटात, तमुकच्या आतली त्या. सामन्याआधी मंडपात प्रत्येकाचं वजन घेतात आणि थोडं जरी जास्त भरलं तरी तो खेळाडू बाहेर. 'वजनात बसतो का?' हा आमच्याकडे पोराबद्दलचा पहिला प्रश्न. शाळेत पास झाला का, हे त्यानंतर विचारतात.

मी पंचावन्न किलोच्या गटात उजवा कोपरा सांभाळायचो. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा माझ्या हातात आला की तो परत जात नसे. हे मी स्वतःच सांगतोय, कारण गावात ते सांगणारे आता फारसे उरले नाहीत. स्पर्धेच्या आधी दोन दिवस आम्हा दहा-बारा जणांचा भात बंद व्हायचा आणि संध्याकाळी सगळे गिरणीत जमायचो. गिरणीवाल्याला सगळं गाव चाचा म्हणायचं. गिरणी त्याच्या वडलांनी घातलेली, त्यांचं घर मूळचं खाडीकडचं. चाचाला कबड्डीचं आमच्यापेक्षा जास्त वेड होतं. दोन गोणींच्या मध्ये तो आम्हाला एकेकाला काट्यावर घ्यायचा.

यंत्र चालू असलं की गिरणीत शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही. त्यामुळे चाचाला ओरडून बोलायची सवय लागली होती. कुणाची गोण किती भरली हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचं. आमची वजनंही तो तशीच सांगायचा.

"पंचावन्न नि वर पाव किलो! पळ रं, देवळाला चार फेऱ्या मार!"

मग दारामागच्या फळीवर खडूने आकडा लिहायचा. आम्ही हसत सुटायचो. जो जास्त भरेल त्याची रात्रीपर्यंत टर उडायची आणि त्याच्या जोडीने बाकीचेही उगीच चार फेऱ्या मारायचे. भूक लागलेली असायची, पण ती सगळ्यांना मिळून लागलेली असायची.

स्पर्धा जवळच्या गावात असली की माझी आई डबा घेऊन यायची आणि मंडपामागे उभी राहायची. वजन झालं रे झालं की मी धावत तिच्याकडे. भात आणि वालाचं बिरडं. झाकण पुरतं निघायच्या आत माझी बोटं भातात असायची. आई म्हणायची, "सावकाश खा रं, ठसका लागंल." त्या भाताची चव मला नंतर कुठल्याच भाताला आली नाही. लग्नात नाही, बारशात नाही. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी मंडपामागे डबा धरून उभी असलेली ती तशीच्या तशी दिसते.

मुलगी दहा वर्षांची असताना मी तिला अंगणात पहिली चढाई शिकवली. मला मुलगा नाही. गावात काहीजण ते बोलून दाखवायचे, तेव्हा माझं डोकं फिरायचं. पण पोरीचा पाय बघितला आणि माझंच तोंड उघडं राहिलं. ती सरळ पळतच नसे. डावीकडे झुकायची आणि उजवीकडून निघून जायची. मी इतक्या वर्षांचा कोपरा, मला ती सापडेना. घरामागच्या तुकड्यात मी दगड वेचून, माती चाळून, पाणी मारून अर्धं मैदान तयार केलं. बायको म्हणायची, "त्यात भेंडी लावली असती तर निदान खाल्ली असती." सहावीत ती हायस्कूलच्या संघात आली आणि सातवीत खेळाच्या बाईंनी तिला मुख्य चढाईला घेतलं. त्या वर्षी मी कारखान्यात ज्याला त्याला फोनमधला तिचा फोटो दाखवत फिरलो. लोक मला बघितलं की चहाला दुसरीकडे जायचे.

आठवीत ती एकदम वाढली. जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म गणपतीपर्यंत आखूड झाला. बाकी कुणाच्या घरी ही कौतुकाची गोष्ट. मला मात्र धास्ती बसली, कारण शाळेच्या स्पर्धेतही वयाबरोबर वजन बघतात. तिच्या गटाला मर्यादा होती अठ्ठेचाळीस किलोची. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "वजनाकडे जरा लक्ष असू द्या." तेवढं मला पुरलं. यातलं गावात सगळ्यात जास्त कुणाला कळतं? मलाच की!

दर रविवारी सकाळी मी तिला गाडीवर मागे बसवून गिरणीत न्यायला लागलो. घरात वजनाचं साधं यंत्र आणता आलं असतं, शिळफाट्याला दुकानात मिळतंही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आमची सगळ्यांची वजनं त्या काट्यावर झाली होती, फळीवर आमचे आकडे लागले होते. तिचाही आकडा तिथे लागावा याचा मला अभिमान होता. चाचा म्हातारा झाला होता, पण आवाज तोच. गोणींच्या रांगेत बायका-माणसं बसलेली असायची. मुलगी चप्पल काढून पाटावर उभी राहायची, चाचा वजन सरकवायचा आणि मी दांडीवर डोळे लावून उभा राहायचो. दांडी जराशी वर उचलली तरी मी आणखी पुढे वाकायचो.

"सत्तेचाळीस नि अर्धा!" चाचा ओरडायचा. नंतर, "अठ्ठेचाळीसला टेकली!" त्याच्या पुढच्या रविवारी, "एकोणपन्नास, बाबा!"

मग मी घरात फर्मानं काढली. भात बंद. गूळ बंद. गणपतीत बायकोने उकडीचे मोदक केले होते. पानात दोन वाढले, तर मी एक उचलून परत पातेल्यात ठेवला. "एकच. देवाचा म्हणून." मुलीने तो एक मोदक अर्धा केला. अर्धा खाल्ला आणि अर्धा शेजारच्या घरातल्या लहानग्याच्या हातावर ठेवला. मी म्हटलं, "शाब्बास!" हे आठवलं की आजही माझा हात कपाळाला जातो.

गणपती गेल्यावर आठवड्याभराने, एका संध्याकाळी मी अंगणात गाडी पुसत होतो. ती येऊन उभी राहिली.

"पप्पा, मला ह्या वर्षी नाय खेळायचं."

"काय?"

"मंजे... माहीत नाय. पण नाय वाटत खेळावंसं."

माझ्या हातातलं फडकं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. मैदानातले दगड कुणी वेचले, हे निघालं. बूट कुणी आणले, हे निघालं. "तुझ्या वयात आमाला सांगायला कोणी नव्हतं" हेही निघालं, आणि ते तर धडधडीत खोटं होतं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमी ओरडणारच, माहीत होतं." आणि आत गेली. बायकोने दारातून माझ्याकडे बघितलं. ते बघणं काही मला पचलं नाही.

पुढचे दहा दिवस मी पोलिसांसारखा तपास केला. कुणी छेडलं का? नाही. अभ्यास जड जातोय? गणितात तिला चांगले मार्क होते. गुडघा दुखतो? ती जिने धडाधड उतरत होती. वयात आलेल्या पोरींचं काही असेल, असं वाटून मी बायकोला पुढे केलं. ती म्हणाली, "माझ्याशी पण बोलत नाय ती. बोलली तरी तुमाला सांगणार नाय." कर्जतच्या बाजारातून मी नवे नी-कॅप आणले, निळे. तिने थँक्यू म्हणून ते पलंगाखाली ठेवले. शेवटी रजा टाकून शाळेत गेलो. बाई पटांगणातच होत्या.

"खेळायचं नाही म्हणते?" बाईंना आश्चर्य वाटलं. "अहो, सराव संपल्यावर सगळ्या मुली जातात, ही एकटी रेषेवर पाय टाकत बसते. कालसुद्धा मीच हाकलली तिला घरी."

मी परत येताना पूर्ण रस्ता विचार करत होतो. खेळ आवडतो, पाय धड आहेत, कुणी त्रास देत नाही, मग सोडायचं कशासाठी? मला वाटलं, पोरगी लहरी आहे. आपल्यासारखी तिच्यात जिद्द नाही, असंही वाटलं. हेही लिहून ठेवतो, वाटलं होतं ते वाटलं होतं.

त्या रविवारी ती गिरणीत यायला तयार होईना. मी चिडून एकटाच निघालो आणि सोबत भाताची एक गोण टाकली, कारण रिकाम्या हाताने गिरणीत जायची मला लाज वाटली. रांगेत कुणी नव्हतं. चाचाने गोण काट्यावर घेतली, वजन सरकवलं आणि आकडा सांगितलाच नाही. यंत्र बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. भर सकाळी गिरणीत शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

"पोरगी नाय आली?"

"नाय म्हणते. खेळ पण सोडते म्हणते. काय झालंय कळत नाय, चाचा."

चाचा गोणींवर बसला. टोपी काढून त्याने डोक्यावरची भुशी झटकली.

"तुला नाय कळायचं. तू दांडीकडं बघतोस. मी समोर उभा असतो, मी तिच्याकडं बघतो. ती डोळे मिटून उभी राहते रं. गच्च. पोर काट्यावर चढली की पाटावर पायाची बोटं अशी आवळते."

मी काट्याच्या पाटाकडे बघितलं.

"मागल्या बुधवारी शाळेतून येताना एकटी आलेली. ओला रुमाल घेऊन. फळीवरचे तिचे आकडे पुसलेन. तुमचे सगळ्यांचे ठेवलेन, तिचे तेवढे पुसलेन. मला म्हणते, चाचा, माझं हळू सांगत जा ना. मी हसलो. म्हटलं, यंत्रापुढं हळू कसं सांगू गं बाय?" चाचाचा आवाज खाली आला होता. इतका हळू बोलता येतो त्याला, हे मला माहीत नव्हतं. "रांगेतल्या बाया काय बोलतात, ऐकलंस कधी? एक म्हणाली, गोणीला मागं टाकलीन पोरीनं. सगळ्या हसल्या. मी पण हसलो. तू पण हसलास."

मला आठवेना. हसलो असेन. माझे डोळे दांडीवर होते.

दारामागे जाऊन मी फळी बघितली. वरच्या बाजूला आमच्या काळचे आकडे, काही चाचाने मागाहून रंगाने गिरवून ठेवलेले. त्यात माझा पंचावन्न. खाली एक फिकट, धुवट पट्टा, आणि त्या पट्ट्यात बोटांच्या खुणा. तिने दोन-तीनदा घासलं असणार. मी तिथेच उभा राहिलो. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एवढ्या वर्षांत मैदानावर, कारखान्यात, घरात मी कितीदा चुकलो, पण दर वेळी समोरच्याची चूक माझ्यापेक्षा मोठी काढता आली. या वेळी समोर कुणीच नव्हतं.

आम्ही उपाशी राहायचो ते दहा-बारा जण मिळून. आमची वजनं ओरडली जायची तेव्हा आम्ही बनियनवर उभे असलेले टगे होतो आणि आमच्यावर हसणारेही आम्हीच होतो. ही तेरा वर्षांची पोर, शाळेचा कुडता घालून, सगळ्या गावापुढे एकटी उभी राहायची. आणि घरी येऊन एकटीच उपाशी झोपायची. माझ्या भुकेत माझी आई मंडपामागे उभी होती. हिच्या भुकेत हिचा बाप ताटातला मोदक काढून घेत होता.

घरी गेलो तेव्हा बायको शेजारी गेली होती. मुलगी मागच्या पडवीत वही घेऊन बसली होती. मला माफी मागता येत नाही. आमच्या घरात ती कुणी कुणाकडे मागितलेली मी बघितलीच नाही. म्हणून मी कुकर लावला. भात, वरण. बिरड्याला वाल मोड आलेले नव्हते, म्हणून बटाट्याची भाजी केली, ती थोडी लागली. ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं.

तिने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भात हाय ह्यात."

"खा."

"आणि वजन?"

"वजन गेलं खड्ड्यात. गिरणीत नाय जायचं आता. कदीच."

तिने वही मिटून बाजूला ठेवली. मग भात कालवला. पहिला घास घेतला आणि रडायला लागली, खाता खाताच. मी तिच्या समोर उकिडवा बसलो. काय करावं ते कळेना, म्हणून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"सावकाश खा गं, ठसका लागंल," मी म्हटलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला खेळायचंय, पप्पा. पण मला ते नको. आणि आता खेळायचं म्हटलं की तेच आठवतं. म्हणून मला कळत नाय."

"मग नको ठरवू आत्ता."

"स्पर्धा पंधरा दिवसांवर हाय."

"होऊ दे. तुझ्याविना होईल."

हे वाक्य मी तोंडातून काढलं खरं, पण काढताना दाढ उपटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाळेत गेलो. बोलली तीच, मी गेटपाशी थांबलो. बाईंनी ऐकून घेतलं. या वर्षी ती त्या गटात खेळणार नाही, सरावाला वाटेल तेव्हा येईल, नाही वाटलं तर येणार नाही. पुढच्या वर्षी मोठ्या मुलींच्या गटात जायचं की नाही, ते ती सांगेल. बाई गेटपर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "मी लक्ष ठेवा म्हटलं होतं, तेव्हा नीट सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "तुमी मराठीतच सांगितलं होतं, बाई. मी माझ्या भाषेत ऐकलं."

संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरला, दोन गुणांनी. गावात मला अडवून विचारायला लागले, "पोरीला का नाय उतरवलीस? वजनात बसत नव्हती का?" एकाला मी म्हटलं, "जेवत होती."

चाचाने फळीवरचे सगळे आकडे पुसून टाकले. आमचे, रंगाने गिरवलेलेसुद्धा, पत्र्याने खरवडून. मी सांगितलं नव्हतं. गोणींची वजनं मात्र तो शेवटपर्यंत ओरडूनच सांगत राहिला.

नंतरचे आठ-नऊ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात अवघड. काम एकच होतं, विचारायचं नाही. तोंडाशी प्रश्न यायचा आणि मी तो चहाबरोबर गिळायचो. काय ठरवलंस? सरावाला जातेस का? किती भरतेस? घरामागच्या मैदानात मी काही केलं नाही. गवत वाढलं. एक दिवस बायको तिथे भेंडी लावायला निघाली, तर मुलगी म्हणाली, "थांब ना गं थोडं." मी आत दाढी करत होतो. ब्लेड गालावर तसंच धरून उभा राहिलो. पण बाहेर आलो नाही.

दिवाळीनंतर कधीतरी ते गवत निघालेलं दिसलं. मग माती चाळलेली. मी कामावर असताना ती करायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. बायको माझ्या चेहऱ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसायची. उन्हाळ्यात एकदा मी गाडी लावताना ती मागून म्हणाली, "पप्पा, कोपऱ्यात उभं राहा ना जरा." मी बूटसुद्धा काढले नाहीत. कारखान्याचे जड बूट घालूनच कोपऱ्यात उभा राहिलो. ती तीनदा आली आणि तीनदा माझ्या हाताखालून गेली. चौथ्यांदा मी घोटा पकडला, तर खिदळत म्हणाली, "सोडा, सोडा, जुनं लोखंड!"

नववीत ती मोठ्या गटात गेली. त्या गटाला मर्यादा होती पंचावन्नची, माझ्याच आकड्याची. तालुक्यांच्या शाळांचे सामने त्या वर्षी खालापूरच्या बाजूला होते. मी रजा टाकली. तिचं वजन किती, हे मला वर्षभर ठाऊक नव्हतं. ती चांगली उंच झाली होती, दंड भरले होते, दोन वेळा पोटभर जेवत होती. पंचावन्नच्या आत असेल? नसेलही. बायकोला माहीत असावं, पण तिला मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

निघताना मी डबा घेतला. वाल आदल्या दोन दिवसांपासून भिजवून, मोड आणून, सोलून मीच बिरडं केलं होतं. भात आणि बिरडं. डबा फडक्यात बांधला तेव्हा आईची आठवण आली. तीही अशीच गाठ मारायची.

तिथे एका वर्गात वजनं चालू होती. बाहेर आई-बापांची गर्दी. खिडकीतून आत दिसत होतं, पण मी खिडकीशी गेलो नाही. व्हरांड्याच्या टोकाला, चिंचेखाली, डबा धरून उभा राहिलो. डबा या हातातून त्या हातात करत होतो. आई माझ्यासाठी उभी राहायची तेव्हा तिलाही असंच होत असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

एकेक मुलगी बाहेर येत होती. दोघी-तिघी तोंड पाडून आल्या, एक रडत आली. तिचा बाप तिच्यावर ओरडला. मला वाटलं जाऊन त्याचा हात धरावा, पण कुठल्या तोंडाने?

मग आमची आली. संघाचा बनियन अंगावर, गुडघ्यांना ते निळे नी-कॅप, जे वर्षभर पलंगाखाली होते. म्हणजे वजनात बसली होती. मी घाईघाईने डब्याची गाठ सोडायला लागलो. गाठ सुटेना.

"भूक लागली असंल," मी म्हटलं. "बिरडं हाय. ये, बस."

ती माझ्याकडे बघून हसली.

"मी मघाशीच खाल्लं, पप्पा. बाईंबरोबर. पोहे आणि दोन केळी."

"मघाशी? मंजे कदी?"

"वजनाच्या आधी."

वजनाच्या आधी खायचं असतं, हे आमच्या अख्ख्या संघाला कधी सुचलं नव्हतं. तिने माझ्या हातातला डबा घेतला, एका झटक्यात गाठ सोडली, झाकण काढलं आणि तो परत माझ्या हातात दिला.

"तुमी सकाळपासून काय खाल्लं नसंल," ती म्हणाली. "सावकाश खा."

शिट्टी झाली आणि ती मैदानाकडे पळाली. मी चिंचेखाली बसलो आणि भातात बोटं घातली.